पुढच्याचा हात

३ फेब्रुवारी, सोमवार

ही वही मी मागितलेली नाही. ह्यांना पुन्हा बोलायला शिकवायला जी मुलगी घरी येते, तिनं ती आज माझ्या हातात ठेवली. "काकू, काकांच्या तोंडून दिवसभरात जे शब्द निघतील ते तारीख घालून लिहा. कशाबद्दल म्हणाले तेही लिहा." मुलगी चणीनं इतकी लहान, की पहिल्या दिवशी मला वाटलं ही सोबत आलीय आणि खऱ्या बाई जिना चढताहेत. मी दाराबाहेर डोकावूनही पाहिलं. तेव्हापासून मी तिला छोट्या बाई म्हणते.

तर, आजचे शब्द: फलाट. सतरा वेळा.

पाणी हवं, फलाट. चहा नको, फलाट. चष्मा सापडत नाही, फलाट. हे बत्तीस वर्षं बसस्थानकावर माईकसमोर बसून गाड्यांच्या घोषणा करायचे. गेल्या महिन्यात झटका आला, उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला आणि भाषा गेली. डॉक्टर म्हणतात, समजतं सगळं, फक्त शब्द सापडत नाहीत. एवढ्या मोठ्या आवाजाच्या माणसाकडे मागे काय राहिलं, तर फलाट. ठेवायचाच होता एक शब्द तर देवाला बरा शब्द मिळाला नाही का, असं आज भांडी घासताना मनात आलं. लिहून टाकलं. खोडत नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

फलाट, नऊ. नाही, दोन. दोन्ही वेळा 'नाही' औषधाला.

माझं काम कपडे उसवून बेतात आणण्याचं. लोकांच्या पँटी आखूड करायच्या, चेन बदलायची, कुणाची कंबर वाढली की शिवणीत दडलेलं कापड सोडवून द्यायचं. आज घरचंच गिऱ्हाईक घेतलं. ह्यांच्या चार शर्टांची काजं शिवून बंद केली, वर बटणं तशीच टाकली आणि आतून व्हेल्क्रोची चिकटपट्टी लावली. बघणाऱ्याला वाटावं शर्ट बटणांचाच आहे. ह्यांनी डाव्या हातानं खर्रकन ओढून उघडला, परत थापून लावला, परत उघडला. मग हसले. तोंड एका बाजूनंच हसतं, पण डोळे पूर्वीसारखेच.

हसणं शब्दांत धरायचं का, ते विचारलं पाहिजे. धरणार असतील तर आज एक.

९ फेब्रुवारी, रविवार

लेकीचा फोन. "आई, बाबांसाठी प्रार्थना करतेस ना?" मी म्हटलं, हो. 

खोटं बोलले. रविवारच्या दिवशी, देवळातून आल्या आल्या.

खरं लिहायचं तर मी आयुष्यात स्वतःच्या तोंडानं प्रार्थना केलेली नाही. पाठ आहेत त्या म्हणते, सगळ्यांबरोबर. गाते. सांगितलं तर उभी राहते, सांगितलं तर बसते. पण डोळे मिटून, मनानं रचून, देवा असं असं झालंय असं म्हणणं कधी जमलंच नाही. आमच्या घरी पंधरा वर्षं दर बुधवारी संध्याकाळी सहाला चर्चच्या मंडळीतले काही जण जमतात. गोल बसायचं, एकमेकांचे हात धरायचे आणि एकेकानं बोलायचं. आपलं झालं की पुढच्याचा हात दाबायचा, म्हणजे त्याला कळतं. ज्याला बोलायचं नसेल त्यानं नुसता दाबायचा. मी पंधरा वर्षं नुसताच दाबत आले. माझ्या पुढचा हात ह्यांचा. मी दाबला की हे सुरू करायचे: "प्रभू, आम्ही दोघं तुझे आभार मानतो..." आणि त्या 'आम्ही दोघं'मध्ये मी खुशाल बसून जायचे. गिऱ्हाइकानं दिलेला त्रास, लेकीचं बाळंतपण, माझे गुडघे, सगळं हेच सांगायचे. माझ्याहून नीट सांगायचे.

बाप्तिस्मा माझा स्वतःचा आहे. पण पुढचा सगळा प्रवास मी ह्यांच्या पासावर केला. आता पासवालाच गप्प झाला, तर मी कुठल्या तोंडानं गाडीत बसू?

१३ फेब्रुवारी, गुरुवार

फलाट, अकरा. चला, एक. हे 'चला' कुणाला होतं कळलं नाही. खोलीत मी एकटीच होते आणि मी तर उभीच होते.

हसणं धरत नाहीत म्हणे. तरी मी कोपऱ्यात वेगळं लिहीन.

१९ फेब्रुवारी, बुधवार

आज माझ्या हातून जे झालं ते लिहायला हात धजत नाही.

आजारपणानंतर पहिल्यांदाच आज सगळे जमले. घड्याळं दुरुस्त करणारे घड्याळजी आणि त्यांची बायको, आणि सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाई. ह्यांना खिडकीजवळच्या नेहमीच्या खुर्चीत बसवलं, नवा शर्ट घातला. बसण्याची रीत नेहमीचीच. ह्यांच्या डावीकडे घड्याळजी, मग त्यांची बायको, मग नर्सबाई, मग मी, आणि फिरून हे. सुरुवात घड्याळजींनी करायची, शेवट ह्यांनी. सगळं कसं छान चाललं होतं. घड्याळजी बोलायला लागले की स्वतःचंच घड्याळ बघत नाहीत, तेही नेहमीसारखंच. मला इतकं बरं वाटलं, इतकं घरच्यासारखं वाटलं, की नर्सबाईंनी माझा हात दाबला तेव्हा मी काहीही विचार न करता ह्यांचा दाबला.

सवयीनं. तो लुळा हात.

सगळे डोळे मिटून थांबले. पंधरा वर्षांची सवय त्यांनाही होती. ह्यांना हाताचं कळलं की नाही कोण जाणे, पण सगळे आपल्यासाठी थांबलेत हे कळलं. "फलाट," हे म्हणाले. मग जोर लावून, "फलाट... फलाट..." घोषणा करणाऱ्या माणसाच्या तोंडून इतका बारीक आवाज मी कधी ऐकला नव्हता. मग रडायला लागले. नर्सबाईंनी पटकन दोन वाक्यांत आवरतं घेतलं आणि आमेन म्हणाल्या.

चहा कुणी प्यायला नाही. मी सगळे कप तसेच ओतून दिले.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

पाळकसाहेब आले होते. बराच वेळ ह्यांचा हात धरून बसले, मग मला स्वयंपाकघरात म्हणाले, "ताई, काही दिवस बुधवारची सभा घड्याळजींकडे नेऊ या का? तुमच्यावरचा भारही हलका होईल. घरातल्या माणसानंच शेवट करायचा अशी आपली पद्धत. आता इथं..." भला माणूस आहे.

मी म्हटलं, न्या. घड्याळजींचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. म्हणजे हे जाऊ शकणार नाहीत हे मलाही माहीत होतं आणि पाळकसाहेबांनाही. दोघांनीही ते म्हटलं नाही.

ह्यांना आठवड्यातली तेवढी एक संध्याकाळ होती. ती मी एका 'न्या'मध्ये देऊन टाकली. कशासाठी? बुधवारी माझ्यावर पाळी यायला नको म्हणून. भार-बिर काही नाही. भित्री आहे मी. तूच सांग, दुसरं काय म्हणायचं याला?

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आज घरात चमत्कारच झाला म्हणायचा, पण अर्धाच.

छोट्या बाईंनी ह्यांच्या हातात रिकामी पाण्याची बाटली दिली, तोंडासमोर धरायला लावली आणि म्हणाल्या, "काका, माईक सुरू आहे." आणि हे ताठ बसले, घसा साफ केला आणि स्वच्छ म्हणाले, "प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे!" अख्खं वाक्य! आवाजही तोच. मी शिलाईमशीनवरून धावत आले. सुई हातातच होती.

मी वेड्यासारखी म्हटलं, मग आता प्रार्थना म्हणायला लावा! तीस वर्षं घरात रोज म्हणत होते, तीही अशीच येईल! छोट्या बाईंनी प्रयत्न केला. मी ह्यांना सुरुवात करून दिली, "प्रभू, आम्ही दोघं..." हे माझ्या तोंडाकडे बघत राहिले. नाही आलं. पाठ असलेली, सगळ्यांबरोबर म्हणायची ती प्रार्थना मात्र माझ्यामागून जवळजवळ पूर्ण म्हणाले.

मी छोट्या बाईंना जरा चिडूनच विचारलं, की बसस्थानक आठवतं आणि देव आठवत नाही, हे कसं? त्या म्हणाल्या, "तसं नाही हो, काकू. जे रोज तेच ते म्हटलं ते डोक्यात वेगळ्या जागी असतं, ते अख्खं बाहेर येतं. जे माणूस दर वेळी नव्यानं जुळवून बोलतो ना, ते अडकतं. काका ती प्रार्थना रोज नव्यानं करत असणार."

त्या गेल्यावर मी मशीनवर नुसतीच बसले. तीस वर्षं मला वाटत होतं ह्यांना छान पाठ आहे. पाठ नव्हतं! रोज माझे गुडघे नव्यानं सांगत होते. मी शेजारी बसून कधी कधी डुलकी काढत होते.

कुणाचे आभार मानायचे ते कळेना इतकं भरून आलं. पण दुसरंही एक कळलं. पाठ असतं तर मी ते उतरवून घेतलं असतं आणि वाचून दाखवलं असतं. आता तीही सोय राहिली नाही.

५ मार्च, बुधवार

फलाट, सहा. नाही, तीन. प्रवाशांनी वगैरे, दोन (छोट्या बाई नसताना, बाटली बघून).

साडेपाचला मी एका लग्नाच्या कोटाची बाही सोडवत होते. आतल्या खोलीतून घासल्यासारखा आवाज आला. जाऊन बघते तर हे एका हातानं खुर्ची ओढताहेत. दोन आधीच भिंतीपासून ओढून गोलात आणलेल्या. घाम आलेला, काठी खाली पडलेली, पडले असते तर? मी ओरडलेच. "अहो, काय चालवलंय? कुणी येणार नाहीये आज!" 

हे खुर्चीला धरून उभे राहिले. कॅलेंडरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. सभा हलवली हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं. हिंमत झाली नव्हती. आज सांगितलं. ह्यांनी ऐकून घेतलं, आणि डाव्या हातानं माझ्या पाठीवर दोनदा थोपटलं. रागावले असते तर मी तरी भांडले असते.

मग आम्ही दोघंच त्या गोलात बसलो, सहा ते साडेसहा. तीन खुर्च्या रिकाम्या. मी काही बोलले नाही. बोलायचं होतं, पण अडकलं, ह्यांचे शब्द अडकतात तसं. तू बघतच होतास. मला वाटतं तुला माझी थोडी कीवही आली असेल.

६ मार्च, गुरुवार

पाळकसाहेबांना फोन केला. म्हटलं, सभा परत आणा. ते म्हणाले, "आनंदच आहे, ताई. पण शेवट कोण करणार?" मी म्हटलं, घरातलं माणूस करेल. "कोण?" म्हणाले. म्हटलं, घरात माणसं दोनच आहेत, पाळकसाहेब, आणि त्यातलं एक फलाट म्हणतं.

हसले बिचारे. सव्वीस तारीख ठरली.

११ मार्च, मंगळवार

सराव करतेय. मशीन चालू असलं की खडखडाटात माझं मलाच ऐकू येत नाही, त्यामुळे बोलायला धीर येतो. आज एका पडद्याची किनार मारता मारता म्हटलं, "प्रभू, आम्ही दोघं तुझे..." आणि थांबले. 'आम्ही दोघं' हे ह्यांचं. ह्यांनी माझ्या वतीनं म्हणायचं. माझ्या तोंडात ते उसन्या चपलेसारखं वाटतं, चालता येतं पण टाच बाहेर राहते.

मग 'मी' म्हणून बघितलं. "मी तुझे आभार मानते." बास. पुढं काय ते सुचेना. किनार मात्र सरळ आली.

विश्वास नाही म्हणावं तर तसंही नाही. तू आहेस यात मला शंका नाही. तू माझं ऐकायला मोकळा असशील का, ही शंका आहे. ज्यांना बोलता येतं त्यांची रांग केवढी असेल.

१४ मार्च, शुक्रवार

शब्द लिहायचे राहिले. दिवसभर तुलाच सांगत बसले मशीनवर, कोटाच्या बाहीपासून लेकीच्या घरापर्यंत. ह्यांनी आज माझा चष्मा शोधून दिला, माझ्याच डोक्यावरचा. बोट दाखवलं आणि हसून हसून बेजार झाले. कोपऱ्यात लिहिलंय: हसणं, एक, मोठं.

प्रार्थनेचा सराव मात्र आज झालाच नाही. उद्यापासून नेमानं बसलं पाहिजे.

२० मार्च, गुरुवार

छोट्या बाईंनी वही तपासायला घेतली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण शब्द कमी आणि पाल्हाळच फार. त्या पानं उलटत राहिल्या, मध्येच हसल्या, मध्येच गप्प झाल्या. मग विचारलं, "काकू, हे 'तू' कोण?"

"कुठला तू?"

"हा बघा. 'तू बघतच होतास.' इथं 'तूच सांग.' आणि चौदा तारखेला तर 'दिवसभर तुलाच सांगत बसले.'"

मी म्हटलं, "वही. वहीला म्हणते मी."

"वही 'बघत होतास'?" म्हणाल्या. मी म्हटलं, चहा गार होतोय.

त्यांनी मग ह्यांचा उजवा हात घेतला. त्यांची एक मैत्रीण व्यायाम शिकवायला येते, तिनं स्पंजचा चेंडू दिलाय, तो दाबायचा. दोन महिने झाले, चेंडू जसाच्या तसा. मी ह्यांच्या बोटांवर माझी बोटं ठेवून दाबते, म्हणजे दाबते मीच. छोट्या बाई म्हणाल्या, घाई करू नका. घाई करून होणारं काम मी आयुष्यात घेतलं नाही, त्यामुळे तो प्रश्न नाही.

२५ मार्च, मंगळवार

उद्या आहे. मशीनला तेल घातलं, खुर्च्या पुसल्या, कप मोजले. एक चिठ्ठी लिहिली होती, चार ओळींची, ब्लाउजमध्ये ठेवायला. फाडली. डोळे मिटून चिठ्ठी कशी वाचणार, हे चारही ओळी लिहून झाल्यावर लक्षात आलं.

शर्ट निळा.

२७ मार्च, गुरुवार, सकाळ

काल सगळे आले. पाळकसाहेब बाहेरगावी होते, तेवढं बरं झालं. घड्याळजींनीच युक्ती काढली. "ताई, काटे उलटे फिरवू. नर्सबाईंपासून सुरुवात, मग माझी बायको, मग मी, आणि शेवट तुमच्याकडे. मध्ये साहेब आहेत, त्यांना त्रास नको. माझं झालं की मी मोठ्यानं आमेन म्हणेन, तो तुमचा इशारा." ह्यांना वगळून जायचं, असा त्याचा अर्थ. हे ऐकत होते. त्यांच्यासमोरच बोलावं लागलं. मी मान खाली घालून 'बरं' म्हटलं.

हात धरले. माझ्या डाव्या हातात ह्यांचा उजवा, नेहमीसारखा जड आणि गार. नर्सबाई बोलल्या. घड्याळजींची बायको बोलली. मग घड्याळजी, सावकाश, सगळ्या नातेवाइकांच्या दुखण्यांसकट. माझं त्यांच्याकडे लक्षच नव्हतं. मी त्या एका आमेनची वाट बघत होते आणि मनात नुसतं 'मी, मी, मी' चाललं होतं, म्हणजे वाक्याची सुरुवात तरी चुकू नये.

घड्याळजी थांबले. आमेन काही आला नाही. ठरवलेलं सगळं विसरून त्यांनी सवयीनं शेजारचा हात दाबला होता. शेजारचा म्हणजे ह्यांचा. हे त्यांनी नंतर कबूल केलं, कान धरून.

मला काय माहीत! मी वाट बघतेय. मागच्या वेळची तीच शांतता. मनात आलं, आता हे परत फलाट म्हणणार, परत रडणार, आणि परत माझ्याच घरात. डोळे उघडावेत का या विचारात होते.

तेवढ्यात माझ्या डाव्या तळहातात काहीतरी हललं.

मला वाटलं माझीच नाडी. मग पुन्हा. अंगठा. अगदी हळू, कापड दोन बोटांत धरून जाडी बघतात तितकंच. पण दाबला. जो हात चेंडू दाबत नाही त्यानं माझा हात दाबला. ज्या माणसानं पंधरा वर्षांत एकदाही आपली पाळी पुढं ढकलली नाही, त्यानं ती माझ्याकडे दिली.

मी बोलले. किती वेळ बोलले ठाऊक नाही. घड्याळजींची बायको म्हणते, तिच्या नवऱ्यापेक्षा थोडाच कमी. डोळे उघडले तेव्हा हे माझ्याकडे बघत होते, आणि एका बाजूनं हसत होते.

आज सकाळी चेंडू दिला. नाही दाबला. हात धरून बसले, तेव्हाही नाही. छोट्या बाई दुपारी येतील, त्यांना सांगेन. विश्वास ठेवला तर ठेवला.

वहीत लिहायचं राहिलंय ते लिहिते.

२६ मार्चचे शब्द: ह्यांचा एकही नाही.

मी काय काय बोलले ते लिहीत नाही. तू ऐकलंच आहेस.